घरात रुग्ण सांभाळताना स्वतःला सांभाळणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या घरी पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले वडील आहेत, कुणाची सासू डिमेन्शियाने सगळ्यांची नावं विसरलीय, कुणाच्या नवऱ्याचा पार्किन्सन्स वाढलाय, कुणाच्या आईचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे. अशा माणसांची रात्रंदिवस उस्तवार करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलेत. रुग्णाच्या उपचारांबद्दल इथे फारसं नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील. इथला विषय आहे तो उशाशी बसलेला माणूस. क्रमाने वाचायची गरज नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला जोडलेलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिलाय.

१. ‘स्वतःची काळजी घे’ असं येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो. म्हणजे नेमकं काय करायचं?

चार गोष्टी. सलग झोप, बसून केलेलं जेवण, स्वतःच्या गोळ्या आणि तपासण्या, आणि रोजचा असा काही वेळ की ज्या वेळात रुग्णाची जबाबदारी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असेल. यातली चौथी सगळ्यात महत्त्वाची, कारण पहिल्या तीन तिच्यावर अवलंबून आहेत. तुम्ही आतल्या खोलीत आडवे झालात पण कान बेलकडेच असतील, तर ती विश्रांती झाली नाही.

म्हणूनच ‘काळजी घे’ म्हणणाऱ्याला विचारावं, ‘किती वाजता येताय?’ स्वतःची काळजी ही एकट्याने मनाचा निश्चय करून घेता येत नाही. घरातल्या कामाची वाटणी बदलली तरच ती घेता येते. खालची बरीच उत्तरं ही वाटणी कशी बदलायची, याचीच आहेत.

२. आजारी तर सासूबाई आहेत. मी माझ्या थकव्याबद्दल बोलणं स्वार्थीपणाचं नाही का?

नाही. तुम्ही तापाने झोपलात तर उद्या सासूबाईंना कोण भरवणार, या प्रश्नाला घरात कुणाकडे उत्तर नसेल, तर तुमची तब्येत हा सासूबाईंच्या उपचाराचाच भाग आहे. पुढच्या वेळी त्यांच्या डॉक्टरांना भेटाल तेव्हा स्वतःबद्दलही दोन वाक्यं सांगा. चांगले डॉक्टर ती लिहून घेतात.

३. दिवसात पाच मिनिटं मिळत नाहीत. वेळ काढायचा कुठून?

आधी कामं कमी करता येतात का ते पाहा. वेळ काढण्याचा विचार नंतर करा. आठवड्यातले बरेच तास बँक, लॅब, मेडिकल आणि सरकारी कागद यांत जातात, आणि यातलं पुष्कळसं घरबसल्या होतं.

बँक : सत्तरीच्या पुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना रोख रकमेची ने-आण, हयातीचा दाखला वगैरे सेवा घरी द्याव्यात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना दिलीय. शाखेत जाऊन ‘डोअरस्टेप बँकिंग’ एवढंच म्हणा. शुल्क किती आणि अर्ज कुठला ते बँकेनुसार बदलतं.

पेन्शन : नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आता ‘जीवन प्रमाण’ ॲपवर चेहरा दाखवून मोबाईलवरून देता येतो. व्हीलचेअर, रिक्षा, बँकेची पायरी हे सगळं वाचतं. वडील ऐंशीच्या पुढचे असतील तर केंद्र सरकारच्या पेन्शनधारकांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

रक्ततपासणी : शहरांत बहुतेक लॅबचा माणूस घरी येऊन रक्त नेतो. डॉक्टरांनाही विचारा, दर महिन्याला खरंच न्यायला हवं का? स्थिर असलेल्या रुग्णाच्या काही भेटी फोनवर किंवा व्हिडिओवर भागतात.

गोळ्या : आठवड्याचा सात खणांचा डबा रविवारी एकदाच भरा. हे काम घरातल्या शाळकरी मुलाला किंवा निवृत्त काकांना देता येतं. तुम्ही फक्त एकदा तपासा.

आणि एक कुरकुर : रुग्णाचं पथ्याचं, मुलांचं डब्याचं आणि घरच्यांचं सणासुदीचं असे तीन स्वयंपाक ज्या घरात एकच बाई करते, तिथे वेळेचं नियोजन शिकवण्यात काही अर्थ नाही. पोळ्या बाहेरून मागवा. लोक बोलतील. बोलू द्या.

४. भेटायला येणारे पाहुणे हीच मोठी डोकेदुखी झालीय. त्यांना चहा करू, रुग्णाला पाहू, की रिपोर्ट समजावून सांगू?

भेटायची वेळ ठरवा, उदाहरणार्थ संध्याकाळी पाच ते सहा, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदाच टाका. तब्येतीची बातमीही तिथेच, आठवड्यातून एकदा. वीस फोनवर वीस वेळा तेच सांगताना जो शीण येतो, तो कामाच्या शिणापेक्षा जास्त असतो.

यातली खरी युक्ती पुढे आहे. जो पाहुणा आत्मीयतेने ‘काही लागलं तर सांगा हं’ म्हणतो, त्याला तिथल्या तिथे सांगा, ‘बरं झालं आलात. अर्धा तास यांच्यापाशी बसता? मी खाली चक्कर मारून येते.’ बहुतेक जण आनंदाने बसतात, त्यांनाही काही तरी केल्याचं समाधान मिळतं. चहा? ओट्यावर साखर-पावडर काढून ठेवा. मावसभावाला चहा करता येतो.

५. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. अशी झोप किती दिवस चालेल?

फार दिवस नाही. तुटक झोपेने चिडचिड, विसरभोळेपणा, रक्तदाब आणि साखर हे सगळं वाढतं, शिवाय गोळ्या देताना चुका होतात. त्यामुळे इथे तडजोड नको.

आधी उठण्याची कारणं मोजा. लघवीसाठी उठावं लागत असेल तर डॉक्टरांना विचारा की पाणी उतरवणारी गोळी संध्याकाळऐवजी सकाळी देता येईल का. अनेक घरांत एवढ्याने रात्रीच्या दोन फेऱ्या वाचतात. मात्र वेळ मनाने बदलू नका. संध्याकाळी सातनंतर पाणी किती द्यायचं तेही विचारून घ्या. रात्रीपुरता डायपर किंवा पुरुषांसाठी युरिन पॉट वापरण्यात कमीपणा नाही.

कूस बदलण्यासाठी उठत असाल तर हवेचा गादीपट्टा, म्हणजे एअर बेड, आणा. तो विकतच घ्यावा लागतो असं नाही. बहुतेक शहरांत आणि अनेक तालुक्यांच्या गावी रुग्णसाहित्य केंद्रं असतात. तिथे एअर बेड, कमोड चेअर, वॉकर, वर-खाली होणारी कॉट डिपॉझिटवर किंवा नाममात्र भाड्याने मिळते. एअर बेड असला तरी कूस बदलणं पूर्ण थांबवता येत नाही. त्वचा लाल होते का हे पाहून रात्रीचं अंतर किती वाढवायचं ते डॉक्टर किंवा नर्स सांगतील.

डिमेन्शियाचे काही रुग्ण दिवस कलला की बेचैन होतात, ‘घरी चला’ म्हणून दाराशी जातात. त्यांना दुपारी कमी झोपवणं, सकाळचं ऊन देणं आणि संध्याकाळ व्हायच्या आधीच दिवे लावणं याने थोडा फरक पडतो. सगळ्यांना पडतोच असं नाही.

एवढं करूनही उठावंच लागत असेल तर रात्र दोघांत वाटा : एकाने दहा ते तीन, दुसऱ्याने तीन ते सात. ‘दोघंही अर्धवट जागे’ यापेक्षा ‘एक पूर्ण झोपलेला’ बरा. घरात दुसरं कुणीच नसेल तर आठवड्यातून दोन रात्री मावशी, म्हणजे रुग्ण सांभाळणारी पगारी बाई, ठेवण्याचा विचार करा (प्रश्न ७). दिवसाच्या मावशीपेक्षा रात्रीच्या दोन पाळ्यांनी माणूस लवकर सावरतो, असं आम्हाला दिसलंय.

६. वडिलांना उचलून माझी कंबर गेली. काय चुकतं?

उचलणंच चुकतं. काखेत हात घालून वर ओढू नका. त्यांचा खांदा निखळू शकतो आणि तुमचा मणका दुखावतो. पलंगावर वर सरकवायचं असेल तर त्यांच्या पाठीखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवी घडी केलेली चादर कायम अंथरलेली ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी चादरीसकट सरकवा. गुडघे वाकवलेले, पाठ सरळ, रुग्ण अंगाशी जवळ. कॉट तुमच्या कमरेच्या उंचीची हवी. खालच्या पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातलेली घरं आम्ही पाहिलीत, पण ते पक्के बसलेत याची खात्री करा.

एखादा फिजिओथेरपिस्ट घरी बोलवा. रुग्णासाठी तो येतोच, त्याला म्हणा, ‘आज अर्धा तास मला शिकवा.’

७. मावशी ठेवायची म्हटलं की घरचे म्हणतात, ‘परक्याच्या हाती देणार?’ आणि ठेवलीच, तर काय बघायचं?

घरच्यांना तुमचा आठवडा लिहून दाखवा. कोणत्या तासाला काय केलं, रात्री किती वेळा उठलात. वादापेक्षा तो कागद जास्त काम करतो.

ब्यूरोकडून, म्हणजे रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या संस्थेकडून, माणूस घेताना पहिला फरक समजून घ्या. मावशी किंवा ब्रदर म्हणून जे येतात ते आंघोळ, डायपर, भरवणं, फिरवणं करतात. नळीने अन्न देणं, इंजेक्शन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं याला प्रशिक्षित नर्स लागते. पैसे वाचवायला ही कामं मावशीवर ढकलू नका. ब्यूरोला चार गोष्टी विचारा : ओळखपत्राची प्रत, पोलीस पडताळणी, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस मिळेल का, आणि पाळी नक्की किती तासांची. दागिने आणि चेकबुक आधीच कपाटात जाऊ द्या, म्हणजे नंतर संशयाने कुणाचं मन दुखावत नाही.

पहिले तीन-चार दिवस सोबत राहा. पाचव्या दिवसापासून तिच्या पाळीत घरातून बाहेर पडा. मावशी असताना तिच्या मागे मागे फिरणारे लोक खूप आहेत. त्यांना मावशीचे पैसेही पडतात आणि विश्रांतीही मिळत नाही. आणि हो, तिलाही जेवायला आणि पाठ टेकायला वेळ द्या.

८. आई माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खातच नाही. मग मी कशी बाहेर जाऊ?

आईला नवीन माणूस ‘तुझ्यासाठी ठेवलीय’ असं सांगू नका. ‘मला घरकामात मदतीला आलीय’ म्हणून आणा. आठवडाभर ती तुमच्याबरोबर नुसती खोलीत वावरू दे, भाजी निवडू दे, आईला नावाने हाक मारू दे. मग एक वेळचं खाणं तिच्या हातून, तेही आईच्या आवडीचं. शिरा चालतो. तुम्ही समोर नसलेलंच बरं; समोर असलात तर आई तुमच्याकडेच मान वळवते.

पहिले काही दिवस आई कमी खाईल. मधुमेह नसलेल्या, बाकी बऱ्या रुग्णाने एक जेवण अर्धवट टाकलं तर बिघडत नाही. इन्शुलिनवर असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. आणि कधी कधी हट्ट आईचा नसतोच, आपलाच असतो. तेही पाहावं.

९. भाऊ दर महिन्याला पैसे पाठवतो आणि विषय संपला समजतो. त्याला कसं सांगू?

‘तू काहीच करत नाहीस’ या वाक्याने भांडण सुरू होतं, काम वाटलं जात नाही. त्याऐवजी तारीख सांगा : ‘दिवाळीनंतरचे दहा दिवस तू ये, मी बाहेरगावी जाणार आहे.’ जबाबदारी मोघम मागितली की ती टाळली जाते. तारखेला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देता येतं. त्याचे पैसे कशाला वापरायचे तेही ठरवून टाका, म्हणजे ‘रात्रीची मावशी तुझ्या पैशांतून’ असं नाव त्यावर पडतं.

परदेशात असलेल्यांनाही काम देता येतं. विम्याचे कागद, औषधांच्या ऑर्डरी, बिलं हे सगळं तिथून होतं. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट-सकाळ. ऐन आंघोळी-डब्यांच्या गडबडीत त्याने बाबांना अर्धा तास व्हिडिओ कॉलवर धरून ठेवलं, तर ती फार मोठी मदत असते. बाबांनाही तो अर्धा तास हवाच असतो.

१०. मी सून आहे. कायद्याने ही जबाबदारी माझी आहे का?

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा केंद्रीय कायदा ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात असं सांगतो. सून त्यात नाही. मुलीचं लग्न झालंय म्हणून ती यातून सुटत नाही. ज्यांना अपत्य नाही त्यांच्या बाबतीत मालमत्ता ज्याला मिळणार त्या नातेवाइकावर ही जबाबदारी येते. अर्ज ज्येष्ठ व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरं कुणी न्यायाधिकरणाकडे करू शकतं. महाराष्ट्रात हे काम उपविभागीय अधिकारी पाहतात, आणि कायद्यात चरितार्थाची कमाल रक्कम महिना १०,००० रुपये आहे.

म्हणजे कायद्याच्या यादीत जी नाही, घरात बहुतेकदा तिच्याच गळ्यात सगळं पडतं. नणंदेला आणि नवऱ्याला कोर्टाची भीती घालायला ही माहिती वापरू नका, त्याने हाती काही लागत नाही. पण घरच्या बैठकीत कुणी ‘हे तुझंच काम’ म्हणालं, तर शांतपणे सांगायला ती उपयोगी पडते.

११. इतकी वर्षं सेवा मी केली. मग घरात माझा वाटा जास्त नको का?

सेवेमुळे वारसाहक्कात आपोआप वाढ होत नाही. आई-वडिलांना तसं हवं असेल तर त्यांनी भानावर असताना स्वतःच्या मालकीपुरतं मृत्युपत्र करावं : दोन साक्षीदार, शक्यतो त्या दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि ज्याला मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. डिमेन्शिया पुढे गेल्यावर हे करू पाहिलं तर भांडण ठरलेलं. त्याआधी दिलेलं कुलमुखत्यारपत्रही माणसाची समज गेल्यावर चालत नाही, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं.

हा प्रश्न इथे घेतला कारण मनात धुमसणारा हिशेब झोप घालवतो. बोलून टाका, हो किंवा नाही काय ते कळू द्या.

१२. नोकरी सोडू का?

घाईने नाही. खाजगी नोकरीत आई-वडिलांच्या आजारपणासाठी म्हणून वेगळी रजा कायद्याने मिळत नाही. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजा आहे आणि अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. त्यामुळे साहेबांना तोंडी कळवळून सांगण्याआधी शिल्लक रजा, घरून काम, पाळी बदलणं, अर्धा पगार-अर्धा वेळ हे सगळं मेलवर लेखी विचारा.

नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हे. दिवसातले आठ तास तुम्ही कुणाची तरी मुलगी, सून, बायको सोडून दुसरं कुणी असता. ज्यांनी नोकरी सोडली त्यांच्यापैकी बरेच जण पैशांपेक्षा हेच गमावल्याचं सांगतात. पगार आणि मावशीचा खर्च सारखाच येत असेल, तरीही आमचं मत नोकरीच्या बाजूने आहे. अपवाद : आजार शेवटच्या काही आठवड्यांत असेल आणि तुम्हाला स्वतःलाच जवळ राहायचं असेल. तेव्हा बिनपगारी रजा मागा.

१३. आम्ही खेड्यात राहतो. इथे ब्यूरो नाही, फिजिओ नाही. आम्ही काय करायचं?

आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या सिस्टरांना घरी रुग्ण आहे हे सांगून ठेवा. जखम, कॅथेटर, रक्तदाब यासाठी दर वेळी तालुक्याला जावं लागेलच असं नाही. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांचा विभाग आणि पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदनाशमनाची सोय आहे का, ते विचारा. वय ७० च्या पुढे असेल तर उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे. मात्र तो पैसा रुग्णालयात भरती झाल्यावरचा आहे, घरच्या मावशीचा नाही.

खेड्यात माणसं आहेत, ही जमेची बाजू. पण शेजारीण ‘बसते मी’ म्हणाली तर तिला वार आणि वेळ ठरवून द्या. सुगीच्या दिवसांत कुणी येणार नाही, तेव्हाची सोय आधी बघा. पुण्या-मुंबईतल्या भावाने रजा काढावी ती त्याच दिवसांत.

१४. परवा आईवर हात उगारला. तेव्हापासून स्वतःचं तोंड बघवत नाही.

राग येणं आणि हात उठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोच प्रश्न तीस वेळा ऐकून राग प्रत्येकाला येतो. पण मारणं, दंड घट्ट धरून हलवणं, मुद्दाम उपाशी ठेवणं, खोलीत कोंडणं हे छळातच मोडतं, कारण काहीही असो.

राग चढतोय असं जाणवलं की कॉटचे कठडे वर करा, ती पडणार नाही एवढं बघा आणि खोलीबाहेर जा. डायपर दहा मिनिटांनी बदलला तरी चालतो. डिमेन्शिया असेल तर तिची चूक दाखवून देऊ नका. ‘बाबा कधी येणार?’ याला ‘ते वारले, किती वेळा सांगू’ हे उत्तर तिला दर वेळी नव्याने रडवतं. ‘बाबांची आठवण आली का?’ म्हणून विषय त्यांच्याकडेच वळवा.

हात खरोखर उठला असेल, किंवा दुसऱ्यांदा असं झालं असेल, तर आजच कुणाला तरी सांगा आणि पुढचे काही दिवस तिच्यापाशी एकटे राहू नका. डॉक्टरांना सांगायला लाजू नका. बोलायला कुणीच नसेल तर प्रश्न १६ मधला क्रमांक आहे.

१५. ‘आता हे संपावं’ असं मनात येतं. मी इतकी वाईट आहे का?

नाही. लांबलेल्या आजारपणात हा विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो आणि जवळजवळ प्रत्येक जण तो लपवतो. वेदना संपाव्यात, ही दगदग संपावी, असं वाटणं आणि माणूस नकोसं होणं एक नव्हे. रुग्ण सांभाळणाऱ्यांच्या बैठकीत एकाने हे मोठ्याने म्हटलं की बाकीच्यांचे खांदे सैल होताना दिसतात. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, डिमेन्शिया आणि मानसिक आजारांसाठीही असे गट ठिकठिकाणी आहेत. एकदा जाऊन बसा. बोललंच पाहिजे असं नाही.

विचार ‘मीच काही तरी करून हे संपवते’ इथवर पोचला असेल, स्वतःबद्दल किंवा त्यांच्याबद्दल, तर थांबू नका. पुढचं उत्तर वाचायच्या आधी १४४१६ ही मोफत हेल्पलाइन लावा.

१६. हा नुसता थकवा आहे की डिप्रेशन? कळणार कसं?

दोन रात्री नीट झोप मिळाली, एक दिवस बाहेर गेलात आणि बरं वाटलं, तर बहुधा थकवा. विश्रांतीनंतरही दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, कशातच गोडी नाही, भूक-झोप बिघडलेली, ‘मी कुचकामी आहे’ असं सतत वाटतंय, तर डॉक्टरांना दाखवा. सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालते. ते आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ पाहतील. या तिन्ही गोष्टी उदासीनतेसारख्याच दिसतात, आणि पाळी जायच्या वयातल्या बायकांमध्ये तर सगळं एकमेकांत मिसळतं.

‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. ज्येष्ठांसंबंधी माहिती आणि मदतीसाठी ‘एल्डरलाइन’ १४५६७ हा वेगळा क्रमांक आहे, तो दिवसा चालतो.

झोपेच्या गोळ्या रुग्णाच्या डब्यातून स्वतःसाठी घेऊ नका. हे आम्ही गमतीने सांगत नाही.

१७. ज्यांची सेवा करतेय त्यांनी मला आयुष्यभर छळलं. तरीही करायचं?

याचं सर्वांना लागू पडणारं उत्तर नाही. सेवा करणं आणि माफ करणं यांची सांगड घालायची गरज नाही. त्यांना जेवण, औषध, स्वच्छता मिळतेय हे पाहणं पुरेसं आहे. उशाशी बसून हात धरणं तुमच्यावर बंधनकारक नाही. अंगाला हात लावायची कामं मावशीकडे द्या आणि तुम्ही व्यवस्था बघा. अजूनही शिवीगाळ होत असेल तर खोलीत एकट्याने जाऊ नका. आणि जमत नसेल तर ‘मी करणार नाही’ हेही एक उत्तर आहे, फक्त ते आज सांगा, म्हणजे बाकीच्यांना सोय करायला वेळ मिळेल.

१८. मी पुरुष आहे, बायकोला सांभाळतो. सगळे कौतुक करतात, मदत कुणी करत नाही.

कौतुक करणाऱ्याला डबा मागा. बायकांना मदत मिळत नाही कारण ‘ते तिचं कामच आहे’. पुरुषांना मिळत नाही कारण ते मागत नाहीत. तुमच्याकडे स्वयंपाक हा अवघड भाग असेल तर डब्याचीच सोय आधी लावा. बायकोची आंघोळ, डायपर तुम्ही करत असाल आणि तिला संकोच वाटत असेल तर तिला विचारा, मावशी हवी का. बाकी सगळं वरच्यासारखंच.

१९. माझंच ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललंय. रुग्णाला कुठे ठेवू?

तारीख आधी घ्या, सोय मागून होते. उलट क्रमाने ती कधीच होत नाही. पर्याय तीन : भावंडांपैकी कुणी येऊन राहणं, रुग्णाला त्यांच्याकडे नेणं, किंवा ठरावीक दिवसांसाठी शुश्रूषा केंद्रात ठेवणं. केंद्र निवडताना दुपारच्या जेवणाच्या वेळी न सांगता जाऊन या. वास, कॉलबेलला लागणारा वेळ आणि रात्री किती माणसं असतात हे पाहा.

कॅन्सरच्या रुग्णांसाठी पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, आणि मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून, गोव्यातही त्यांची शाखा आहे. दोन्हीकडे सेवा विनामूल्य आहे. तिथे नेलं म्हणजे ‘टाकून दिलं’ असं होत नाही. तुम्ही टाक्यांवर हात ठेवून त्यांना उचलू पाहाल, तेव्हा दोघंही रुग्णालयात जाल.

२०. बाबा गेले. तेराव्यानंतर सगळे पांगले आणि मला अजून रात्री तीनला जाग येते. हे थांबेल का?

बहुतेकांचं काही महिन्यांत हळूहळू थांबतं. शरीराला त्या घड्याळाची सवय लागलेली असते. सुटल्यासारखं वाटणं आणि त्याबद्दल अपराधी वाटणं, दोन्ही एकाच दिवशी येऊ शकतं (प्रश्न १५). पहिल्या महिन्यात स्वतःच्या राहिलेल्या तपासण्या करा : दात, डोळे, रक्तदाब, साखर, बायकांनी स्तनांची आणि गर्भाशयमुखाची. मोठे निर्णय, जसं घर विकणं किंवा दुसऱ्या गावी जाणं, थोडे लांबवा. सहा महिन्यांनंतरही रोजचं काम जमत नसेल तर प्रश्न १६ कडे या.

२१. उरलेले डायपर, एअर बेड, औषधं यांचं काय करायचं?

न फोडलेली डायपरची पाकिटं, एअर बेड, वॉकर रुग्णसाहित्य केंद्रात द्या. एअर बेडचा पंप चालतो का ते आधी पाहा. डिपॉझिटची पावती शोधून ठेवा, पैसे परत मिळतात. औषधांच्या उरलेल्या पट्ट्या शेजाऱ्यांना ‘हीच गोळी चालते’ म्हणून वाटू नका. वेदनाशामक मॉर्फिन असेल तर ज्या रुग्णालयातून मिळालं तिथेच परत करा, कचऱ्यात किंवा कपाटात नको.